एल्माबाईचं बोलणं

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला तेव्हा डॉक्टरांनी पंधरा दिवस धुळीत जायचं नाही म्हणून बजावलं. आमचा झेंडू-शेवंतीचा मळा बाळापूरजवळ, आणि मळ्यात धूळ नाही असा दिवस नसतो. सून वर्षाली म्हणाली, "बाबाजी, तुमी पौर्णिमाजवळ जाऊन राहा." म्हणून मी अमरावतीला, राजापेठेत नातीच्या भाड्याच्या खोलीत येऊन पडलो. खाली शिकवणी वर्ग, समोर पंक्चरचं दुकान. काळा चष्मा लावून बसायचं आणि चार-चार तासांनी डोळ्यात थेंब घालून घ्यायचे, एवढंच काम.

पौर्णिमा विद्यापीठात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. विषय पत्रकारिता आणि सिनेमा. डॉक्टरांनी थोडं थोडं वाचायला हरकत नाही म्हटलं, त्याच दिवशी तिनं लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

"आबाजी, खालच्या ओळी वाचा. मोठ्यानं."

पडद्यावर एक काळी, उंच, म्हातारी बाई कापूस वेचत होती. कमरेला आमच्याकडे ओटी बांधतात, तिच्या खांद्याला लांबच लांब पिशवी होती आणि ती मागे फरफटत येत होती. हात मात्र आमच्या बायांचेच. बोंडातून चिमटीनं कापूस ओढायची तऱ्हा तीच. मी हातांकडे पाहत बसलो आणि खालची ओळ निघून गेली.

"वाचा ना!"

"थांबली कुठं थे? तुह्या ओळी त बस सुटल्यासारख्या पळून राहिल्या."

तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी वाचायला शिकलो छप्पन्नाव्या वर्षी. वर्षालीनंच शिकवलं, चुलीपुढे, कोळशानं फरशीवर. त्यामुळे माझं वाचणं चढावरच्या बैलगाडीसारखं. पौर्णिमाला तेच हवं होतं. माझी ओळ पुरी व्हायच्या आत पडद्यावरची ओळ गेली, तर ती ओळ कापून आखूड करायची, अशी तिची पद्धत होती.

तिच्याकडून हळूहळू सगळं कळलं. अमेरिकेत ज्यांच्या आज्या-पणज्यांना गुलाम करून नेलं, त्या कृष्णवर्णीय लोकांनी स्वतः काढलेले सिनेमे तिचा विभाग दर दुसऱ्या शनिवारी दाखवत होता. मोठ्या कंपन्यांच्या सिनेमांत या लोकांना नोकर नाहीतर विदूषक करायचे. म्हणून त्यांनी आपले सिनेमे आपणच काढले, उसने कॅमेरे आणून, रविवारी रविवारी. त्यातले कितीतरी डब्यात पडून सडले. जे उरले ते कोणाच्या मुलांनी, कोणा ग्रंथालयानं साफ करून घेतले.

"अन् मंग आपल्याकडं काहून आले?"

"बघणारं कोणी नसलं तर डबा पुन्हा बंद होतो, आबाजी. म्हणून ते जगभर मागतील त्यांना देतात. आमच्या विभागातल्या ललित सरांनी मागितले."

"मंग येतात का लोकं पाहाले?"

ती म्हणाली, "मागच्या वेळेस अकरा होते. त्यातले चार हजेरीसाठी."

हा कापूस वेचणाऱ्या बाईचा सिनेमा पन्नास वर्षांपूर्वी एका शाळामास्तरणीनं काढलेला. नट म्हणजे तिचेच शेजारीपाजारी. ती मास्तरीण वारली. तिची मुलगी, नोरा नावाची, तिनं सिनेमा फुकट दिला होता, पण एक अट घातली होती. तुमच्या भाषेतल्या ओळी तयार करा, आणि महिना संपायच्या आत परत पाठवा. त्या ओळी ग्रंथालयात सिनेमाबरोबर कायमच्या राहतील. एका भाषेचं एकच भाषांतर. पुढे कधी कोणी मराठी माणूस तो सिनेमा मागेल, त्याला पौर्णिमाच्याच ओळी वाचाव्या लागणार होत्या.

म्हणून पोरगी जीव तोडून लागली होती. आणि म्हणूनच मला खरं सांगावं लागलं.

सिनेमातल्या बाईचं नाव एल्मा. तिचा नवरा मरतो. दोघांनी मिळून घेतलेल्या जमिनीचे कागद एका पेटीत, आणि पेटीची किल्ली नवऱ्यानं कुठं ठेवली ते तिला ठाऊक नाही. माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्याच्या थडग्याजवळ जाऊन बसते आणि बोलते. पौर्णिमानं तिथं लिहिलं होतं: "आपण मला न सांगता निघून गेलात. खेचराशी आपण दिवसभर संवाद साधत होता. किल्ली कुठे आहे हे कदाचित त्यालाच ज्ञात असावे."

"हे कोन बोलून राहिलं?" मी विचारलं.

"एल्मा."

"थे कापूस येचते का तहसीलदाराच्या कचेरीत बसते?"

पौर्णिमा चिडली. "मग काय लिहू?"

"तिच्या इंग्रजीत थे कशी बोलते? तुह्या सरासारखी?"

"नाही. त्यांची बोली वेगळी असते. गोरे लोक तिला अडाणी म्हणायचे. पण त्या मास्तरणीनं मुद्दाम तीच ठेवली."

"मंग तू काहून बदलली?"

ती लॅपटॉप ओढून म्हणाली, "सांगा. कौशल्याआजी असती तर काय म्हणाली असती?"

मी डोळा मिटून माझ्या बायकोला आठवलं. सांगायला वेळ लागला नाही. "सांगून त जाचं होतं. खेचरासंगं दिवसभर बोलत होते तुमी. किल्ली कोठी ठिवली थे त्यालेच माईत असन. आता त्याले इचारू का मी?"

तिनं ते तसंच लिहिलं. पुढे आठ दिवस आम्ही सगळा सिनेमा असाच केला. खेचराचा बैल करू का म्हणून तिनं विचारलं. मी म्हटलं, नको. जनावर त्यांचं, माती त्यांची, देवळात गाणं म्हणतात तेही त्यांचं राहू दे. बोलणं तेवढं आपलं कर. मधे कुठं अडलो की मी वर्षालीला फोन लावायचो, ती मळ्यातून फुलं तोडता तोडता सांगायची.

ललित सरांनी ते वाचलं आणि मला बोलावून घेतलं. चाळिशीचे, बारीक, शर्टाची घडी न मोडलेली. चहा मागवला, खुर्ची स्वतः ओढून दिली.

"नत्थुजी, मेहनत फार केली तुम्ही. पण हे जाऊ नये असं मला वाटतं."

"काहून, सर?"

"मी तिवस्याचा. पुण्याला शिकायला गेलो, पहिल्या दिवशी वर्गात उभा राहून बोललो आणि अख्खा वर्ग हसला. पुढे दोन वर्षं मी गरजेपुरतंच बोललो. नाटकात, टीव्हीवर आपली बोली कोणाच्या तोंडी असते? गड्याच्या, नाहीतर दारुड्याच्या. या लोकांवर शंभर वर्षं जग हसलं आहे. आपल्या ओळींनी त्या बाईवर पुन्हा हसू येणार असेल, तर ते पाप मला नको."

माणूस खोटं बोलत नव्हता. पौर्णिमा म्हणाली, "सर, एकदा दाखवून तर बघू." सर म्हणाले, बरं, शनिवारी बघू.

शनिवारी विभागाच्या सभागृहात तीसेक पोरं आली. वऱ्हाडीत सिनेमा आहे म्हणून कोणीतरी पसरवलं होतं. त्यामुळे गर्दी वाढली आणि त्यानंच घात झाला. पोरं तमाशाला आल्यासारखी बसली होती.

थडग्याचा प्रसंग आला. एल्मा बसली, तिनं गुडघ्यावरची माती झटकली आणि बोलली, "खेचरासंगं दिवसभर बोलत होते तुमी." आणि मला हसू फुटलं. अंधारात, मोठ्यानं. आवरताच आलं नाही.

मग पोरं हसली. शिट्टी वाजली. मागून एक जण ओरडला, "इचार ना वो, खेचराले इचार!" पुढचा अर्धा तास ती बाई काहीही बोलली तरी हशा. तिची पेटी कुऱ्हाडीनं फोडायचा प्रसंग आहे, तिथंसुद्धा.

दिवे लागले तेव्हा पौर्णिमा भिंतीकडे तोंड करून वायरी गुंडाळत होती. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अकोल्याचा एक खेळ ठरला आहे, तिथं जुन्या ओळी लावू. आणि त्याच पाठवू. वाईट वाटून घेऊ नको."

खोलीवर येताना ती रिक्षात वायरींची पिशवी मांडीवर धरून बसली. पहिलं कोण हसलं ते तिनं पाहिलं नव्हतं. ती मशीनजवळ होती, मागे. सांगितलं नाही तर कोणालाच कळणार नव्हतं, आणि आठ दिवसांची तिची मेहनत माझ्यामुळे मातीत गेली होती.

सकाळी थेंब घालून झाल्यावर मी तिला न सांगता विद्यापीठात गेलो. रविवार असूनही सर पेपर तपासत बसले होते.

"सर, काल पयला हासलो थो मी होतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही?"

"पोरायनं माह्यं पाहून सुरू केलं."

"तुम्ही का हसलात?"

मग मला सांगावं लागलं. आमची कौशल्या सहा वर्षांपूर्वी गेली. दरवर्षी चांगल्या झेंडूची फुलं ती बियाण्याला वेगळी काढायची आणि वाळवून कुठंतरी ठेवायची. कुठं, ते मी कधी विचारलं नाही. तेराव्यानंतर पेरणीची वेळ आली. मी घर पालथं घातलं. मग बांधावर उभा राहून तिला शिव्या दिल्या. मोठ्यानं. "अवो, गावातल्या साऱ्या बायायले सांगत होती, मले सांगाले का तोंड दुखत होतं तुह्यं?" शेजारचा खुशालराव ऐकत होता, तो हसला. मग मी हसलो. आणि मग दोघं बांधावर बसून रडलो.

"एल्माबाई बोलली अन् मले माह्यंच ध्यान आलं, सर. मी तिच्यावर नाई हासलो."

सर म्हणाले, "हे पोरांना कसं कळणार होतं?"

"पोरायची बायको मेली नाई ना अजून. अकोल्याले माह्या गावच्या बाया आणतो मी. त्यायले दाखवा. त्या बी तशाच हासल्या, त मंग तुमचंच खरं."

अकोल्याचा खेळ रविवारी सकाळी अकरा वाजता, एका कॉलेजच्या हॉलमध्ये होता. वर्षाली आणि माझी साळी, कौशल्याची बहीण सुभद्रा यांनी मळ्या-मळ्यातून बाया गोळा केल्या. आम्ही फुलं नेतो त्या गाडीत आणि दोन ऑटोत मिळून पंचेचाळीस जणी आल्या. कोणी दीडशे फुलांचे हार गुंफून, कोणी संभार-मेथीच्या जुड्या विकून आली होती. हॉलच्या खिडक्यांना पडदे नव्हते. सगळा उजेड पडद्यावर. सर घड्याळ बघायला लागले. सुभद्रानं गाडीतली ताडपत्री आणि हिरवी जाळी काढली, चार जणी बाकावर चढल्या आणि दहा मिनिटांत अंधार झाला.

मग दुसरी अडचण. निम्म्याअधिक बायांना वाचता येत नव्हतं. हे आधी माझ्या ध्यानातच आलं नाही. आता मी वाचतो म्हणून सगळ्यांना वाचता येतं असं धरून चाललो होतो, मी.

सर म्हणाले, "मग काय करायचं?"

वर्षाली म्हणाली, "कराचं का? पोथी वाचतात तसं. एकानं वाचावं, बाकीच्यायनं आयकावं. बाबाजी हायेत ना."

सरांनी मला पडद्याजवळ खुर्ची दिली. सिनेमा सुरू झाला आणि माझ्या तोंडून पहिली ओळ पोथीच्या चालीत निघाली.

"भाऊजी!" सुभद्रा तिथूनच ओरडली. "ग्रंथ नोका लावू. सरकं बोला!"

हॉल हसला. मी सरळ बोलायला लागलो. एल्माचा आवाज तिकडून, माझा इकडून. ओळी माझ्याच चालीनं कापलेल्या होत्या, त्यामुळे एकही सुटली नाही. कापसाच्या शेतात एल्मा दिसली तेव्हा बायांत कुजबुज सुरू झाली. "पिशवी पाह्य केवढी." "पाठ मोडत असन बाईची." "येचणी चांगली हाय पन, काडीकचरा येऊ देत नाई." सर दाराजवळ उभे होते. पौर्णिमा मोबाईलवर हॉलचा आवाज भरून घेत होती.

थडग्याचा प्रसंग जवळ आला तसा मी दात आवळून धरले. या वेळी हसायचं नाही. "सांगून त जाचं होतं," एवढं नीट वाचलं. पुढची ओळ आली आणि मला बांधावर उभा असलेला मीच दिसलो. ओळ पडद्यावर उभी होती आणि माझ्या तोंडून शब्द निघेना.

"काहून थांबले?" सुभद्रानं विचारलं. "का म्हनली थे?"

कोणी तरी वाचायला हवं होतं. ती ओळ गेली. वर्षालीनं ती मनातल्या मनात वाचली होती. ती उभी राहून मागं वळून म्हणाली, "थे म्हनते, खेचरासंगं दिवसभर बोलत होते तुमी. किल्ली त्यालेच माईत असन. आता त्याले इचारू का मी?"

सुभद्रा हसली. तिचं हसणं मळ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. मग सगळ्याच हसल्या. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

आणि मग हसणं आपोआप बसलं. एल्मा पडद्यावर काही बोलत नव्हती, नुसती मातीवर हात फिरवत होती. सुभद्राचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. ती पडद्याकडे बघून, एल्मालाच सांगावं तशी म्हणाली, "असंच असते, माय. आमच्यावालेबी रेडिओशी बोलत बसत. मले नाई." कोणी हसलं नाही. कोणी पदर तोंडाला लावला. तिथून शेवटपर्यंत हॉलमध्ये माझाच आवाज होता. पेटी फोडायच्या प्रसंगी मात्र तीन-चार जणी एकदम म्हणाल्या, "मार! मार अजून एक!"

ताडपत्री काढली. उजेड आला. सर पुढे आले आणि सुभद्रासमोर उभे राहिले.

"बाई, तुम्ही हसलात ना मघाशी?"

"हासलो ना. मंग का करावं? रडून त आधीच झालं होतं तिचं."

"तिच्यावर हसलात का?"

सुभद्रानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लगन झालं का तुमचं, सर?"

"झालं."

"मंग घरी जाऊन बायकोले इचारा, किल्ल्या कोठी असतात. तुमाले नसन माईत."

बाया पुन्हा हसल्या, या वेळी सरांवर. आणि सरही हसले. त्यांना असं हसताना पौर्णिमानं पहिल्यांदाच पाहिलं, असं ती नंतर म्हणाली.

परतीच्या गाडीत त्यांनी तिच्याकडून ओळींचे कागद मागून घेतले. मूर्तिजापूर येईपर्यंत पेन्सिलनं खुणा करत होते. मग ते म्हणाले, "पौर्णिमा, बाराव्या पानावर तू 'सयपाक' लिहिलं. चालते. पन हे जे खाली हाय ना, आमच्या तिवस्याकडे असं नाई म्हनत कोनी."

"आमच्या बाळापूरकडे म्हनतात," मी म्हटलं.

"बाळापूर म्हणजे काय सारा वऱ्हाड हाय का, नत्थुजी?"

"तिवसा तरी कुठं हाय?"

बडनेऱ्यापर्यंत आम्ही भांडलो. दोन ओळी त्यांच्या झाल्या, एक माझी राहिली. मंगळवारी पौर्णिमानं ते सगळं अमेरिकेला पाठवलं. अकोल्याच्या हॉलचा आवाजही सोबत पाठवा, असं सरांनीच सांगितलं.

नोराबाईचं उत्तर नवव्या दिवशी आलं. पौर्णिमानं मळ्यात येऊन ते आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. तिला आमची एकही ओळ कळली नव्हती, पण हॉलचा आवाज तिनं तीनदा ऐकला होता. तिच्या आईनं हा सिनेमा पहिल्यांदा चर्चच्या तळघरात दाखवला तेव्हा लोक असेच पडद्याशी बोलत होते, आणि थडग्याजवळ असेच हसले होते. पुढे मोठ्या हॉलमध्ये लोक परीक्षेला बसल्यासारखे गप्प बसायचे. आई घरी येऊन म्हणायची, त्यांना आवडला नाही. मराठी ओळी सिनेमाबरोबर ठेवल्या आहेत, असं तिनं लिहिलं. आणि आणखी एक लिहिलं. आईचा दुसराही एक सिनेमा त्याच ग्रंथालयात तीन डब्यांत पडून आहे. साफ करायला खर्च येतो, म्हणून ज्यांची मागणी येते तेच सिनेमे ते हाती घेतात. याची मागणी आजवर कोणी केलेली नाही.

"मंग करू ना आपुन," वर्षाली म्हणाली.

अर्ज मी लिहिला. फुलं भरायच्या शेडमध्ये, पोत्यावर बसून, तीन कागद फाडून झाल्यावर. पौर्णिमा त्याचं इंग्रजी करणार होती, पण माझा कागदही सोबत जाईल असं ठरलं. अडुसष्ट नावं झाली. सव्वीस अंगठे. सहीपेक्षा अंगठा आधी की नंतर यावर बाया भांडल्या. सर रविवारी स्वतः येऊन सही करून गेले. हजेरीसाठी बसणाऱ्या चार पोरांच्याही सह्या त्यांनी आणल्या होत्या. त्यातला एक शिट्टी मारणारा होता, तो सरांसोबत आलाच होता. तो मला म्हणाला, "आबाजी, पुढचा कधी हाय?" मी म्हटलं, "अमेरिकेले इचार."

दीड महिन्यानं कळलं, डबे उघडले. एक रीळ चिकटून गेलं आहे, ते वाचेल की नाही सांगता येत नाही. बाकी दोन चालतील. ग्रंथालयानं नमुना म्हणून दोन मिनिटांचा तुकडा पाठवला होता. आवाज अजून साफ व्हायचा होता, त्यामुळे मुका.

पौर्णिमानं तो शेडमध्ये भिंतीवर लावला. भर दुपारी, पुन्हा ताडपत्री बांधून. एका घराचं दार उघडतं. एक तरुण बाई बाहेर येते, कमरेवर हात ठेवते, रस्त्यावर कोणाकडे तरी बघते आणि भराभर काहीतरी बोलते. आणि संपलं.

"का म्हनली थे?" सुभद्रा म्हणाली.

"नवऱ्याले म्हनली, इतका येळ कोठी होता."

"नवरा नोय थो. भाऊ असन. पाह्य ना, कशी उभी हाय."

"मले वाटते, शेजारणीची कोंबडी शिरली घरात."

"पुन्हा लाव, पौर्णिमा. तोंडाकडं पाहू दे."

पौर्णिमा म्हणाली, "अहो, थांबा जरा. आवाज यायचा आहे अजून." पण थांबायला कोणी तयार नव्हतं.